आधी खांद्याचे ऐका, मग मैदानाचे

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीची गोष्ट. दवाखाना बंद करायच्या बेतात होतो. कंपाउंडरने शटर अर्धे खाली ओढलेसुद्धा होते. तेवढ्यात मोटारसायकलवरून तिघे उतरले. पुढे मुलीचे वडील, मागे आमच्याच भागातल्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक आणि दोघांच्या मध्ये उजवा दंड डाव्या हाताने धरून बसलेली चौदा वर्षांची मुलगी.

“डॉक्टरसाहेब, लेकराला एक सुई मारा बरं. परवा हिची म्याच हाय,” वडील म्हणाले.

मुलीला विचारले, तर ती म्हणाली, “थोडंच दुखायलंय काका. खेळता येतंय मला.”

सर मात्र काहीच बोलले नाहीत. बाकावर बसून ते आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहत होते.

मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर आहे. हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज, तसा सॉफ्टबॉलमध्ये पिचर. गोलंदाज हात डोक्यावरून आणतो. पिचर मात्र हात रहाटासारखा पूर्ण गोल फिरवून चेंडू मांडीजवळून, खालून सोडतो. चेंडू बारा इंच घेराचा असतो. महिलांच्या सामन्यात पिचर आणि बॅटधारी यांच्यात ४३ फुटांचे अंतर असते. क्रिकेटमध्ये सहा चेंडू झाले की गोलंदाज बदलतो, त्याला दम खायला मिळतो. सॉफ्टबॉलमध्ये पिचर चांगला असेल तर सातही डाव तोच टाकतो. छोट्या शाळेत चांगला पिचर एकच असतो, आणि सगळा भार त्याच एका खांद्यावर पडतो.

या मुलीचा संघ जिल्ह्यातून निवडला जाऊन विभागीय स्पर्धेला निघाला होता. विभागातून पुढे गेले की राज्य. खेळाडूंना दहावीला क्रीडा गुण मिळतात. पुढे राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. वडिलांची अडीच एकर जमीन, त्यात थोडी हळद आणि बाकी सोयाबीन. परवाच्या सामन्याकडे ते कोणत्या नजरेने पाहत असतील, हे मला सांगायची गरज नव्हती.

मी हात तपासला. खांद्याच्या खाली, दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला दाबले की मुलगी ओठ चावत होती. हात बाजूने वर नेताना अर्ध्यातच थांबत होता. विचारता विचारता कळले, की दुखणे आजचे नव्हते. महिनाभर ती रोज दीड-दोनशे चेंडू टाकत होती, आणि तीन आठवड्यांपासून रात्री कुशीवर झोपता येत नव्हते. हे तिने घरी सांगितले नव्हते आणि सरांनाही सांगितले नव्हते. का नाही सांगितले, तर म्हणे, “मग मला बसवलं असतं.”

सुईने काय होते?

मी सुई दिली नाही. त्याचे कारण सांगताना माझी एक जुनी चूक कबूल करावी लागेल.

वीस-बावीस वर्षांपूर्वी टेनिस बॉल क्रिकेटच्या एका स्पर्धेत अंतिम सामन्याच्या सकाळी एक जवान पोरगा असाच आला होता. वेगवान गोलंदाज. खांदा धरलेला. मित्रांनी गराडा घातला, “डॉक्टरसाहेब, आजच्या दिवस निभावू द्या.” मी वेदनाशामक इंजेक्शन दिले. पोराने भन्नाट गोलंदाजी केली, करंडक आला, हलगी वाजली. संध्याकाळी मलाही गुलाल लावला. दोन दिवसांनी त्याला हात उचलता येईना. पुढे तपासण्या झाल्या, खांद्याचा स्नायूबंध फाटला होता असे निघाले. ऑपरेशन करायची ऐपत नव्हती. आज तो चाळिशीत आहे. भेटला की रामराम करतो, डाव्या हाताने. सोयाबीनचे पोते त्याला खांद्यावर घेता येत नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण तो गुलाल मला अजून आठवतो.

सुईने दुखणे बरे होत नाही, फक्त ते कळेनासे होते. शेतावर राखण करणारा कुत्रा रात्री भुंकतो म्हणून त्याच्या तोंडाला फडके बांधावे, तशातला हा प्रकार आहे. चोर शेतातच असतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाला योग्य जागा आणि योग्य वेळ असते, ते तज्ज्ञ ठरवतात. वाढत्या वयाच्या मुलीला सामन्यासाठी म्हणून ते देणे हा गुन्हाच समजावा.

खांदा कसा असतो?

आपल्या शरीरात सगळ्यांत मोकळा फिरणारा सांधा खांद्याचा. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात मात्र वाटी उथळ, बशीसारखी असते. बशीवर ठेवलेला चेंडू घसरू नये म्हणून चार लहान स्नायूंचे बंध त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. हात फिरवून चेंडू सोडला की वेगाने निघालेला हात थांबवायचे काम या बंधांना करावे लागते. शंभर वेळा चेंडू टाकला म्हणजे शंभर वेळा ब्रेक लावला.

हात खालून फिरतो म्हणून सॉफ्टबॉलच्या पिचरला काही होत नाही, असा समज बरीच वर्षे होता. बेसबॉलमध्ये लहान मुलांनी किती चेंडू टाकायचे यावर मर्यादा घातल्या गेल्या, पण सॉफ्टबॉलच्या मुलींकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. पुढे मोजमाप झाले, तेव्हा खालून टाकतानाही खांद्यावर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर मोठा ताण येतो असे आढळले.

वाढत्या वयात आणखी एक गोष्ट असते. हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. ती कच्च्या विटेसारखी नरम असते आणि वाढ पूर्ण झाली की पक्की होते. मोठ्या माणसाचा स्नायू दुखावतो, त्याच ताणाने मुलांची ही कूर्चा दुखावते. म्हणून मुलांचा खांदा दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखला तर “वाढीचं दुखणं” म्हणून सोडून देऊ नये.

जपानची युकिको उएनो ही सॉफ्टबॉलमधली नावाजलेली पिचर. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि जपानला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळले गेले. ते २०२१ मध्ये टोकियोला परत आले, तेव्हा ३९ वर्षांची उएनो पुन्हा मैदानात होती आणि पुन्हा सुवर्णपदक मिळाले. मुले यातला ४१३ हा आकडा तेवढा लक्षात ठेवतात. पण पुढची तेरा वर्षे हात टिकला, ही मला जास्त मोठी गोष्ट वाटते. ४१३ चेंडू टाकणारी पूर्ण वाढ झालेली, वर्षानुवर्षे तयार झालेली खेळाडू होती. नववीतल्या मुलीने तो आकडा डोळ्यांपुढे ठेवू नये.

श्रीरामपूरचा झहीर

हे सगळे समजावले तरी मुलीचा चेहरा उतरलेलाच. सॉफ्टबॉलच्या पिचरची नावे आपल्याकडे घरोघरी माहीत नसतात. म्हणून मी तिला ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगितली. चेंडू टाकणाऱ्याचे दुखणे आणि त्याचे मन सगळीकडे सारखेच.

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान. भारताकडून ९२ कसोटी सामने आणि ३११ बळी. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. साऱ्या देशाने ते षटक पाहिले. त्या दिवशी त्याच्या अंगात जोर कमी नव्हता, उलट जास्तच झाला होता. घाईत आणि जोशात चेंडूवर ताबा राहिला नाही.

पुढे तो संघाबाहेर गेला. २००६ मध्ये इंग्लंडला वूस्टरशायर या काउंटीकडून खेळला, एका मोसमात ७८ बळी घेतले. धाव कमी केली, जोरापेक्षा नेमकेपणावर भर दिला. मग २ एप्रिल २०११, वानखेडे मैदान, पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना. त्याची सुरुवातीची पाच षटके अशी होती: तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. शेवटच्या षटकांत त्यालाही मार पडला, पण सुरुवात त्याने बांधून ठेवली. माणूस तोच, सामनाही तोच. आठ वर्षांत बदलले ते मन. चेंडू हातात असताना मागच्या चेंडूचे ओझे बरोबर घ्यायचे नाही, एवढे तो शिकला.

पिचरलाही हेच लागते. मागचा चेंडू गेला, तो परत येत नाही. एक खोल श्वास घ्यायचा, तो सावकाश सोडायचा, मग पुढचा चेंडू. श्वास लांब सोडला की छातीची धडधड उतरते, खांद्याचे ताठलेले स्नायू सैल पडतात. हे परीक्षेलाही चालते आणि पोलीस भरतीच्या गोळाफेकीलाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग. फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यूझीलंडला वेलिंग्टनच्या कसोटीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, झहीरने एका डावात ५१ षटके टाकली आणि पाच बळी घेतले. ती त्याची शेवटची कसोटी ठरली. परत येण्यासाठी त्याने नंतर खटपट केली, सराव केला. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. दिवसाला अठराएक षटके टाकण्याचा ताण आपला खांदा आता सोसणार नाही हे सरावात लक्षात आले, असे त्याने तेव्हा सांगितले होते. तीनशेच्या वर बळी घेणाऱ्या माणसाने चारचौघांत सांगितले, की माझा खांदा आता नाही म्हणतो. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

“मग तुला काय म्हणून लाज वाटावी गं?” मी मुलीला विचारले. ती पहिल्यांदा हसली.

निवृत्तीनंतरही झहीर खेळापासून दूर गेला नाही. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सच्या क्रिकेटची सूत्रे सांभाळली, २०२५ च्या मोसमात लखनौच्या संघाचा मार्गदर्शक झाला. चेंडू टाकणे थांबले, पण चेंडूविषयी जे कळले होते ते दुसऱ्याला देता आले.

तीन कसोट्यांचा माणूस

झहीर घडवणाऱ्यांत एक नाव सुधीर नाईक यांचे. श्रीरामपूरहून मुंबईला आलेला हा पोरगा त्यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये खेळला. नाईक स्वतः सलामीचे फलंदाज. त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने १९७०-७१ ची रणजी स्पर्धा जिंकली. पण भारताकडून त्यांना १९७४-७५ मध्ये तीनच कसोट्या मिळाल्या. दुसरा एखादा तेवढ्यावर कडवट होऊन घरी बसला असता. नाईकांनी पोरांना शिकवले, आणि पुढे वानखेडेच्या खेळपट्टीची देखभाल हाती घेतली. २०११ चा तो अंतिम सामना झाला, तेव्हा खेळपट्टीची जबाबदारी नाईकांकडेच होती. म्हणजे शिष्याने ज्या पट्टीवर तीन षटके निर्धाव टाकली, ती गुरूने तयार केलेली होती. २०२३ मध्ये नाईक गेले. खेळाडू म्हणून तीन कसोट्या, पण मैदानाशी नाते शेवटपर्यंत टिकले.

हे मी सांगत होतो मुलीला, पण ऐकत होते सर.

सरांचा हात

मी चिठ्ठी लिहायला घेतली, तेव्हा सर पहिल्यांदा बोलले. “डॉक्टरसाहेब, माझाबी हात बघता का?”

ते स्वतः कॉलेजच्या वेळी पिचर होते. दुखऱ्या खांद्याने त्यांनी दोन मोसम काढले, कुणाला सांगितले नाही, आणि शेवटी खेळ सुटला तो सुटलाच. “आमचे सर म्हणायचे, रडणाऱ्यानं मैदानात येऊ नये. मीबी पोरींना तेच म्हणत आलो. म्हणून हिनं मला सांगितलं नाही,” असे ते म्हणाले आणि गप्प झाले. तीस वर्षांच्या नोकरीनंतर विद्यार्थिनीच्या वडिलांसमोर असे बोलणे सोपे नाही.

आता सहा महिन्यांपासून त्यांचा उजवा हात वर जात नव्हता. फळ्यावर लिहिताना डाव्या हाताने कोपर उचलून धरावे लागे. मागच्या खिशातून रुमाल काढता येत नव्हता. त्यांना वाटत होते, जुनी जखम वर आली. मला शंका वेगळी आली. हा खांदा आखडण्याचा आजार, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. तो चाळिशी ते साठीत होतो, आणि मधुमेह असलेल्यांना जास्त होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासले. साखर १८६ निघाली. नंतरच्या तपासणीतही तेच दिसले. सरांना मधुमेह होता आणि पत्ता नव्हता.

खेळाडूंच्या बाबतीत हे मी बरेचदा पाहतो. जेवण खेळाडूचे राहते, चालणे मात्र खुर्चीपासून मोटारसायकलपर्यंत उरते. वजन वाढते, रक्तदाब चढतो. शिवाय मनाची पडझड वेगळीच. ज्याला सारे गाव “पिचर” म्हणून ओळखत होते, त्याला एके दिवशी कुणीच हाक मारत नाही. झोप उडते, चिडचिड वाढते, काहींच्या हातात बाटली येते. नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांचेही असेच होते. सरांची निवृत्ती तोंडावर आली होती. दोन्ही निवृत्त्यांचे दुखणे त्यांच्या एकाच खांद्यात साठले होते, असे मला वाटून गेले.

पुढे काय झाले

मुलीला नांदेडच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. हाड मोडले नव्हते, पण वाढीच्या कूर्चेवर ताण आला होता. तीन महिने चेंडू टाकणे बंद. हिमोग्लोबिनही साडेनऊच होते, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

सामन्याला ती गेली, पण खेळायला नाही. सरांनी तिला बाकावर आपल्या शेजारी बसवले आणि राखीव पिचरच्या चेंडूंची नोंद ठेवायला सांगितले. दर डावानंतर ती त्या मुलीला जाऊन सांगायची, बाहेरचा चेंडू चालतोय, आतला नको. संघ उपांत्य सामन्यात हरला. वडील नाराज झाले, ते साहजिक होते. मी त्यांना एवढेच म्हणालो, “दादा, दहावी पुढच्या साली आहे. खांदा मात्र साठ वर्षं पुरवायचा आहे.”

तीन महिन्यांनी तिने हळूहळू सुरुवात केली, पहिल्या आठवड्यात वीस चेंडू. अजून पूर्वीचा वेग आलेला नाही. येईलच असे वचन मी दिलेले नाही. पण दुखले की ती आता सांगते, आणि सर विचारतात. सर निवृत्त झाले तरी रोज सकाळी मैदानावर जातात. तिथे पाऊण तास चालतात, मग मुलींचा सराव घेतात. त्यांचा हात कानापर्यंत जाऊ लागला आहे. साखर ताब्यात आहे.

ध्यानात ठेवण्यासारखे

खेळणाऱ्या मुलामुलींसाठी: सरावाआधी दहा मिनिटे हलके पळणे आणि खांदे फिरवणे. आठवड्यातून किमान एक-दोन दिवस चेंडू टाकायचा नाही. टाकलेल्या चेंडूंची रोज वहीत नोंद. पोट, पाठ आणि पाय यांचा व्यायाम रोज, कारण चेंडूचा खरा जोर पायातून येतो. डबा रिकामा नको, निदान शेंगदाणे-गूळ, फुटाणे, अंडे यांपैकी काहीतरी असावे.

लगेच थांबावे अशी लक्षणे: रात्री झोपमोड करणारे दुखणे, हात वर न जाणे, बोटांना मुंग्या, सांधा निखळल्यासारखे वाटणे, चेंडूचा वेग किंवा नेम एकाएकी जाणे. अशा वेळी मेडिकलमधून गोळी आणून खेळू नये. उपाशीपोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात.

चाळिशीपुढच्यांसाठी: खांदा आखडू लागला तर साखर तपासावी. पुढे वाकून हात लंबकासारखा सैल झुलवणे, भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेणे, हे व्यायाम दिवसातून दोन-तीन वेळा, सोसेल एवढेच. हा आजार बरा व्हायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, धीर सोडू नये. मधुमेह असेल तर शेकताना जपावे, कातडीला चटका कळत नाही.

शिक्षक आणि पालकांसाठी एकच विनंती आहे. सराव संपला की “किती टाकले?” याच्या आधी “कुठं दुखतंय का?” एवढे विचारा. आणि मूल हो म्हणाले, तर त्याला रागावू नका.